सागरपारची पिके आणि उपवासाचे ताट : मराठी नावांच्या साक्षीने एक विचार

१. प्रश्नाचे स्वरूप

आषाढी एकादशीच्या दिवशी महाराष्ट्रातील असंख्य घरांत जे ताट मांडले जाते त्याची घडण मोठी विलक्षण आहे. साबुदाण्याची खिचडी, बटाट्याची भाजी, रताळ्याच्या गोड फोडी, वऱ्याचे तांदूळ व त्यांवर दाण्याची आमटी, राजगिऱ्याचा लाडू आणि या सर्वांस चव आणणारी हिरवी मिरची असे त्याचे सामान्य स्वरूप असते. यांपैकी वरी हे भारतीय उपखंडातील जुने धान्य होय. बटाटा, रताळे, भुईमूग आणि मिरची यांचे मूळ मात्र अमेरिका खंडात आहे. ज्या कंदापासून आज भारतात साबुदाणा तयार होतो तो कंद आणि राजगिऱ्याच्या लागवडीतील प्रमुख जाती यांचेही मूळ तेथेच. उलट, याच भूमीत सहस्रावधी वर्षे पिकत आलेले तांदूळ, मूग आणि तूर त्या दिवशी वर्ज्य. बहुतेक घरांत हळद आणि मोहरीसुद्धा वर्ज्य. आहाराच्या ज्या क्षेत्रावर रूढीचे नियंत्रण सर्वांत कडक, त्याच क्षेत्रात नवागतांना इतका मोकळा प्रवेश कसा मिळाला, हा प्रश्न सांस्कृतिक इतिहासाच्या अभ्यासकाने गंभीरपणे घेण्याजोगा आहे.

या प्रश्नाला सामान्यतः दोन उत्तरे दिली जातात. पहिले असे की, ही पिके वस्तुतः परकी नाहीतच. ती येथे प्राचीन काळापासून होती आणि त्यांची देशी नावे हाच त्याचा पुरावा. दुसरे असे की, लोकांना या पिकांचे परकेपण ठाऊक नव्हते आणि अज्ञानामुळे ती रूढीच्या चौकटीत शिरली. पहिले उत्तर नावांवर नको तितका विश्वास ठेवते. दुसरे उत्तर समाजाच्या वर्गीकरणशक्तीला काहीच किंमत देत नाही. नावे नीट तपासली असता तिसरेच उत्तर हाती येते. नव्या वस्तूला परंपरेने तिच्या जन्मभूमीविषयी विचारलेच नाही. आपल्या जुन्या वर्गांपैकी ती कोणत्या वर्गात बसते एवढेच विचारले, आणि त्या प्रश्नाचे उत्तर पुष्कळदा नावातच नोंदवून ठेवले.

२. आगमनाचे मार्ग व काळ

कोलंबस १४९२ मध्ये कॅरिबियन बेटांवर पोहोचला, वास्को द गामा १४९८ मध्ये कालिकतला आला, आणि १५०० मध्ये काब्रालचा तांडा ब्राझीलच्या किनाऱ्याला लागून पुढे भारतात आला. १५१० मध्ये आफोन्सो द आल्बुकर्कने गोवा जिंकल्यावर लिस्बन, ब्राझील, आफ्रिकेचा किनारा आणि गोवा हे एका नौकानयन-व्यवस्थेचे भाग बनले. दुसरा मार्ग पूर्वेकडून होता. १५६५ पासून स्पॅनिश जहाजे मेक्सिकोतील आकापुल्को आणि फिलिपिन्समधील मनिला यांच्या दरम्यान नियमित ये-जा करू लागली. मनिलाहून मलाक्का आणि मलाक्काहून भारताचा किनारा असा प्रवास वनस्पतींनाही सुलभ झाला.

या आगमनाचे साक्षीदार समकालीन ग्रंथांत सापडतात. क्रिस्तोव्हाँव द कोस्ता याच्या १५७८ मधील ग्रंथात कोचीनच्या बागांतील काजूचा उल्लेख आहे. १५८३ ते १५८८ या काळात गोव्यात राहिलेल्या लिन्स्खोतेन या डच प्रवाशाच्या १५९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात अननस, काजू आणि पपई यांची वर्णने येतात. पपई स्पॅनिश इंडीजमधून फिलिपिन्समार्गे मलाक्काला व तेथून भारतात आली, असेही त्याने नमूद केले आहे. उत्तरेत, अबुल फजलने ‘आईन-इ-अकबरी’त बादशाही मुदपाकखान्यातील पाककृतींचे जे तपशील दिले आहेत त्यांत मिरी आहे, मिरची नाही. जहांगीराच्या आत्मवृत्तात मात्र फिरंग्यांच्या बंदरांतून आलेला अननस आग्र्याच्या बागेत हजारोंनी पिकत असल्याचा उल्लेख आहे.

प्रसाराच्या वेगाची कल्पना तंबाखूवरून येते. अकबराच्या कारकिर्दीच्या अखेरच्या वर्षांत असद बेग याने विजापुराहून तंबाखू आणि हुक्का बादशहापुढे नजर केला. म्हणजे मोगल दरबारी नवलाची ठरलेली वस्तू दख्खनमध्ये तत्पूर्वीच रुळली होती. १६१७ मध्ये जहांगीराला तंबाखूवर बंदी घालावीशी वाटली, यावरून पुढील दहा-बारा वर्षांतील तिचा फैलाव लक्षात येतो. कै. प. कृ. गोडे यांनी तंबाखू व मका यांच्या भारतीय इतिहासावर जे लेखन केले त्याचे महत्त्व येथेच आहे. दैनंदिन वापरातील क्षुद्र वाटणाऱ्या वस्तूंचा कालक्रमही ग्रंथांच्या तिथींइतकाच काटेकोरपणे लावता येतो, हे त्यांनी दाखवून दिले.

३. नामकरणाच्या चार रीती

मराठीने या नवागतांना जी नावे दिली ती स्थूलमानाने चार प्रकारांत विभागता येतात.

पहिला प्रकार परभाषेतील नावाच्या स्वीकाराचा. काजू आणि अननस ही नावे ब्राझीलच्या किनाऱ्यावरील तुपी भाषेतून पोर्तुगीजांनी उचलली आणि त्यांच्याकडून ती कोकणी व मराठीत आली. पपई आणि बटाटा यांचे मूळ कॅरिबियन प्रदेशातील भाषांत आहे. तंबाखू हा शब्दही याच वर्गातील. पुढे पंडितांनी त्याला ‘तमाखु’ असे संस्कृत रूप दिले. जेथे वस्तूला जवळचा असा जुना प्रतिस्पर्धी नव्हता तेथे नाव वस्तूबरोबरच आले, असे या गटाविषयी सामान्यतः म्हणता येते. आशियाई भाषांतील पोर्तुगीज शब्दांचा मोन्सिन्योर सेबास्त्याँव रोदोल्फो दलगादो यांचा कोश १९१३ मध्ये प्रसिद्ध झाला, आणि त्याचे इंग्रजी भाषांतर १९३६ मध्ये बडोद्याहून निघाले. या वर्गाच्या अभ्यासाचा पाया आजही तोच आहे.

दुसरा प्रकार जुन्या नावाच्या विस्ताराचा. मिरची हे त्याचे सर्वांत ठळक उदाहरण. संस्कृत ‘मरिच’ पासून आलेल्या ‘मिरी’ या शब्दाशी तिचे नाते उघड आहे. दक्षिणेतील भाषांनी हेच केले : कन्नड ‘मेणसिनकायि’, तेलुगू ‘मिरपकाय’, तमिळ ‘मिळगाय्’ या सर्व शब्दांचा अर्थ मिऱ्याचे फळ असाच होतो. येथे एक सूक्ष्म भेद ध्यानात घेण्याजोगा आहे. मराठीत मिरी आणि मिरची ही दोन नावे स्वतंत्र राहिली. हिंदीत मात्र ‘मिर्च’ या शब्दाखाली दोन्ही वस्तू आल्या आणि जुनीला ‘काली’ हे विशेषण लावावे लागले. मलयाळममध्ये तर ‘मुळकु’ हा शब्द मुख्यतः मिरचीकडे गेला आणि मिऱ्याला ‘कुरुमुळकु’ म्हणण्याची वेळ आली. ज्या मलबारच्या मिऱ्यासाठी युरोपीय जहाजे निघाली त्याच मलबारात मिऱ्याचे मूळ नाव सागरपारच्या पाहुण्याने घेतले.

तिसरा प्रकार वर्णनात्मक समासांचा : भुईमूग, शेंगदाणा, सूर्यफूल. यांत परकेपणाची खूण उरत नाही. शेजारच्या भाषांत मात्र ती काही ठिकाणी उरली आहे. भुईमुगाला बंगालीत ‘चिनेबादाम’ म्हणतात, तर तमिळ प्रदेशात ‘मणिला’ या नावानेही तो ओळखला जातो. एकच पीक भारताच्या निरनिराळ्या किनाऱ्यांवर निरनिराळ्या दिशांनी आले, किंवा निदान तसे ते आल्याची समजूत होती, हे या नावांवरून कळते.

चौथा प्रकार पुराणकथेत सामावून घेण्याचा. सीताफळ आणि रामफळ ही दोन्ही फळे अमेरिकेतील एकाच कुलातील भावंडे आहेत. बंगालीत त्यांना अनुक्रमे ‘आता’ आणि ‘नोना’ म्हणतात. ‘नोना’ या शब्दात ‘अनोना’ हे कॅरिबियन नाव स्पष्ट ओळखू येते. मराठीने त्यांना राम-सीतेच्या जोडीत बसविले. ही प्रक्रिया तेथेच थांबली नाही. याच कुलातील आणखी फळे नंतर बाजारात आली तेव्हा त्यांना लक्ष्मणफळ आणि हनुमानफळ अशी नावे मिळाली. एकदा साचा तयार झाला की भाषा त्यात नवे रूप ओतते, याचे हे बोलके उदाहरण होय.

मोल्सवर्थच्या कोशापर्यंत (१८३१, दुसरी आवृत्ती १८५७) येता येता मिरची, पेरू, सीताफळ, बटाटा असे शब्द मराठीचे सामान्य शब्द म्हणून नोंदले गेलेले दिसतात. त्यांपैकी कोणता शब्द जुना आणि कोणता नवा, याची जाणीव सामान्य भाषिकाला त्या काळीही राहिली नसावी.

४. नावांची साक्ष आणि तिच्या मर्यादा

नाव हा पुरावा खरा. परंतु उलटतपासणी केल्याखेरीज तो स्वीकारता येत नाही. याची चार उदाहरणे पुरेशी आहेत.

‘बटाटा’ हा शब्द मुळात कॅरिबियन लोकांच्या भाषेत रताळ्याचे नाव होता. युरोपात तो दक्षिण अमेरिकेच्या पर्वतप्रदेशातील निराळ्याच कंदाला चिकटला आणि तेथून मराठीत आला. खऱ्या ‘बटाट्या’ला, म्हणजे गोड कंदाला, मराठीत मिळालेले ‘रताळे’ हे नाव संस्कृत ‘रक्तालु’ या शब्दापासून आले आहे, आणि तो शब्द पूर्वी एतद्देशीय तांबड्या कंदाचा वाचक होता. यास्तव जुन्या संस्कृत ग्रंथात ‘रक्तालु’ आढळला म्हणून त्या काळी रताळे होते असे सिद्ध होत नाही. तसेच सर टॉमस रो याच्या समवेत आलेल्या एडवर्ड टेरी या धर्मोपदेशकाने आसफखानाच्या मेजवानीच्या वर्णनात ‘पोटेटो’ हा शब्द वापरला, म्हणून मोगलांच्या पंगतीत आजचा बटाटा होता असेही सिद्ध होत नाही. त्या काळच्या इंग्रजीत तो शब्द दोन्ही कंदांना लागत असे. ध्वनीचा पुरावाही येथे विचारात घेण्याजोगा आहे. पोर्तुगीज ‘त’ मराठीत सामान्यतः दंत्यच राहतो. तुरुंग आणि फीत हे शब्द पाहावेत. ‘बटाटा’ या शब्दात मात्र तो मूर्धन्य झाला आहे. या शब्दाच्या रूढ उच्चारावर इंग्रजी अमदानीचा संस्कार झाला असावा असा तर्क त्यावरून संभवतो. बटाट्याची लागवड पुणे जिल्ह्याच्या खेड-जुन्नर भागात एकोणिसाव्या शतकात रुजली, ही गोष्ट त्या तर्काशी जुळते. तथापि एकट्या ध्वनीवर निष्कर्ष उभारणे धाडसाचे होईल.

‘पेरू’ या नावावरून त्या फळाचा संबंध दक्षिण अमेरिकेतील पेरू देशाशी जोडण्याचा मोह होतो. गोव्यातील कोकणीत मात्र याच फळाला ‘पेर’ म्हणतात, आणि पोर्तुगीजमध्ये ‘पेरा’ म्हणजे नासपती. आकारसादृश्यावरून नासपतीचे नाव या फळाला मिळाले हे मत अधिक सयुक्तिक ठरते. कारण हिंदीतील ‘अमरूद’ या शब्दाचा मूळ फारसी अर्थही नासपती असाच आहे. एकमेकांशी संबंध नसलेल्या दोन वाटांनी एकच उपमा सुचावी, हा योगायोग अर्थविस्ताराच्या अभ्यासाला उपकारक आहे. फळ अमेरिकेतले खरे. पण तसे सांगण्याचे काम त्याचे नाव करीत नाही.

साबुदाण्याच्या बाबतीत नाव टिकले आणि वस्तू बदलली. मलाय भाषेतील ‘सागु’ हे आग्नेय आशियातील एका ताडवर्गीय वृक्षाचे नाव. त्याच्या खोडातील पिठापासून तयार होणारे दाणे समुद्रमार्गे भारतात येत. पुढे त्यांची जागा दक्षिण अमेरिकेतील कसावा या कंदाच्या पिठाने घेतली. त्रावणकोरचे महाराज विशाखम तिरुनाळ (कारकीर्द १८८०-८५) यांनी या कंदाच्या लागवडीस उत्तेजन दिले. आणि १९४० नंतरच्या दशकात तमिळनाडूतील सेलम येथे त्यापासून साबुदाणा करण्याचा धंदा उभा राहिला. मराठी गृहिणीच्या डब्यावरील नाव मात्र तसूभरही बदलले नाही.

चौथे उदाहरण शिल्पांचे. अलेक्झांडर कनिंगहॅम यांना १८७९ च्या सुमारास भरहूत येथील शिल्पांत सीताफळ दिसले, आणि त्यावरून ते फळ येथे प्राचीन असल्याचा पक्ष मांडला गेला. एका शतकानंतर १९८९ मध्ये सोमनाथपूर येथील तेराव्या शतकातील होयसळ मंदिरात देवतांच्या हाती मक्याची कणसे असल्याचे कार्ल जोहानेसन आणि अ‍ॅन पार्कर यांनी प्रतिपादन केले. १९९३ मध्ये पायक आणि सचन यांनी त्याचे खंडन केले. दगडातील फळ हे शिल्पकाराच्या संकेतांनी घडविलेले फळ असते. त्याचे वनस्पतिशास्त्रीय नाव आजच्या ओळखीवरून ठरविणे म्हणजे ‘रक्तालु’चा अर्थ आजच्या बाजारात शोधण्यासारखे आहे. सीतेचे नाव धारण केल्याने फळ रामायणकालीन होत नाही. रामायण ज्यांच्या जिभेवर होते त्यांनी ते आपलेसे केले, इतकेच त्या नावावरून सिद्ध होते, आणि ही गोष्ट इतिहासाच्या दृष्टीने अधिक मोलाची आहे.

५. ‘चालते’ या शब्दाचा अर्थ

आता मूळ प्रश्नाकडे वळता येईल. पाणी, मुळे, फळे, दूध, हविष्य, ब्राह्मणाची इच्छा, गुरूची आज्ञा आणि औषध या आठांनी व्रतभंग होत नाही, असे धर्मशास्त्रीय वचन प्रसिद्ध आहे. यात वस्तूंची नावे फारशी नाहीत, वर्गांची आहेत. एकादशीला मुख्य निषेध धान्याचा, आणि मुभा मुळांना व फळांना. हे वर्ग मोकळे होते. त्यांत कोणते मूळ आणि कोणते फळ, याची बंदिस्त यादी कोणी केलेली नव्हती. मराठी घरांतील ‘उपवासाला चालते’ हा प्रयोग या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. एखादी वस्तू पवित्र आहे असे तो म्हणत नाही. ती निषेधाच्या कक्षेत येत नाही, एवढेच तो सांगतो.

बटाटा आणि रताळे मुळांच्या वर्गात निर्वेध आले. रताळ्याला तर त्या वर्गातील जुन्या सभासदाचे नावच मिळाले होते. मिरचीने मिऱ्याची जागा घेतली. आणि मिरे उपवासाला चालत असल्यामुळे त्याच्या नावाची धाकटी वारस अडविण्यास कारण उरले नाही. यामागे आर्थिक कारणही होते. मिऱ्याचा वेल दमट हवेचा. देशावरील शेतकऱ्याला मिरे विकतच घ्यावे लागे. मिरची मात्र त्याच्याच रानात पिके, उन्हात वाळे, वर्षभर टिके, आणि पुढच्या सालाचे बी तिच्याच पोटात मिळे. परड्यात पिकणाऱ्या या तिखटाने बाजारातील महाग तिखटाला रोजच्या स्वयंपाकातून मागे सारले, आणि उपवासाच्या ताटात ते रोजच्या सवयीतूनच पोहोचले.

राजगिरा गवतवर्गीय नाही. त्याची पालेभाजी होते, म्हणून त्याचे बी धान्यात गणले गेले नाही. मेक्सिकोत अझ्टेक लोक याच वर्गातील बियांचे पीठ धार्मिक विधींत वापरीत, आणि आजही तेथे ते दाणे मधात घोळवून वड्या करतात. महाराष्ट्रात तेच गुळात होते. या साम्यावरून विधीचाच प्रवास झाला असे मानण्याचे कारण नाही. फुलून हलका होणारा दाणा आणि चिकट गोड पदार्थ यांची गाठ दोन्हीकडे स्वतंत्रपणे पडू शकते.

सर्वांत अवघड प्रकरण भुईमुगाचे. वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने तो द्विदल. त्याच्या नावात ‘मूग’ उघडपणे उभा आहे, आणि मूग तर त्या दिवशी वर्ज्य. पण ‘भुईमूग’ हे नाव शेताचे आहे. स्वयंपाकघरात येताना तो ‘शेंगदाणे’, किंबहुना नुसते ‘दाणे’ होतो; त्याची डाळ शिजत नाही, कूट होते. शेतातील नाव पिकाच्या सादृश्यावरून पडले, आणि स्वयंपाकघरातील नाव वापरावरून. उपवासाचा निर्णय वापरावर झाला. एकाच पिकाची दोन नावे दोन वर्गीकरणांची निदर्शक असू शकतात, हे कोशकारांनीही लक्षात घ्यावयास हवे.

परकेपणा हाच प्रवेशाचा परवाना होता असेही यावरून समजू नये. टोमॅटो अमेरिकेतलाच, परंतु तो भाजी म्हणून आला आणि कित्येक घरांत उपवासाला चालत नाही. मका अमेरिकेतला, पण तो उघड धान्य, म्हणून बहुतेक ठिकाणी वर्ज्य. जिरे किंवा कोथिंबीर यांविषयी घराघरांत मतभेद आढळतात; म्हणजे हे वर्गीकरण अजून जिवंत आहे. याहून निर्णायक पुरावा जैन आचारात मिळतो. तेथे भूमीखाली वाढणारे कंद अनंत जीवांचे आश्रयस्थान मानून वर्ज्य करण्यात आले आहेत. एकच बटाटा एकादशीच्या ताटात येतो तो कंद म्हणून, आणि शेजारच्या जैन घरात नाकारला जातो तोही कंद म्हणूनच. दोन्ही परंपरांनी त्याला एकाच नजरेने ओळखले. निर्णय आपापल्या शास्त्राने दिला. जन्मभूमीचा विचार दोहोंतही नाही.

६. बीज आणि हात

मग परकेपणाला समाजाचा आक्षेप कोठेच नव्हता काय? होता; पण तो बीजाला नव्हता, हाताला होता. पावाचे उदाहरण घ्यावे. गहू हे उपखंडातील अतिप्राचीन धान्य. त्याचाच पाव पोर्तुगीजांबरोबर आला. गोव्यात त्याचे पीठ माडाच्या सुरेने फुगवीत, आणि तो भाजणाऱ्या ‘पोदेरा’चे नावही पोर्तुगीजच. हा पाव उच्चवर्णीय हिंदू घरांत दीर्घकाळ निषिद्ध राहिला, कारण ते परधर्मीयाच्या हातचे शिजलेले अन्न होते. धान्य देशी असूनही पदार्थ अडला, आणि कंद परदेशी असूनही थेट व्रताच्या ताटात गेला. कोरडा शिधा आणि शिजलेले अन्न यांतील जुना भेद येथे काम करीत होता.

चहाच्या इतिहासात हा भेद अधिक तीव्रतेने दिसतो. चहाची वनस्पती व तिचे नाव दोन्ही चीनकडची. १८९० मध्ये पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये झालेल्या चहापानावरून लोकमान्य टिळक, न्यायमूर्ती रानडे आदी मंडळींवर बहिष्काराचे प्रकरण उभे राहिले, आणि प्रायश्चित्ताचा वाद दीर्घकाळ गाजला. वाद चहाच्या पानावर नव्हता. पेला कोणी पुढे केला यावर होता. आज तोच चहा कडक उपवास करणाऱ्यांनाही ‘चालतो’. पिकांनी जी सीमा सहज ओलांडली ती माणसांच्या पंगतीला ओलांडता आली नव्हती, ही गोष्ट देवाणघेवाणीच्या इतिहासाचे कौतुक करताना विसरता येणार नाही. वस्तूंच्या बाबतीत उदार असलेला समाज स्पर्शाच्या बाबतीत किती कठोर होता, याची नोंद त्याच ताटात आहे.

गोव्यातील काजूने तंत्राच्या अंगाने हाच नियम दाखविला. माडाच्या सुरेपासून मद्य गाळण्याची विद्या तेथे आधीच होती. गार्सिया द ओर्ता याने १५६३ मध्ये गोव्यात छापलेल्या आपल्या ग्रंथात नारळाच्या प्रकरणी तिचे वर्णन केले आहे. ब्राझीलहून आलेल्या काजूच्या रसाळ बोंडाला ती विद्या तयारच मिळाली आणि काजूची फेणी जन्माला आली. पहिल्या धारेच्या मद्यास गोव्यात ‘हुर्राक’ म्हणतात; हा शब्द अरबी ‘अरक’ शब्दाचा वंशज. फळाचे नाव तुपी, मद्याचे अरबी, आणि ‘फेणी’ हे नाव फेसाशी संबंध सांगणारे. २००९ मध्ये या फेणीला गोव्याचे भौगोलिक चिन्हांकन मिळाले ते यथार्थच होय. कारण झाड ब्राझीलचे असले तरी पदार्थ गोव्याचाच आहे.

प्रवाह एकाच दिशेने वाहिला नाही, हेही नमूद केले पाहिजे. मलबारची कांजी पोर्तुगीजांनी ‘कांजा’ म्हणून उचलली, आणि ब्राझीलमध्ये ती कोंबडीच्या रश्श्यात भात घालून केलेले, आजाऱ्याला देण्याचे सूप बनली. मलयाळममधील ‘चक्का’ हे फणसाचे नाव ‘जाका’ होऊन ब्राझीलच्या बाजारात पोहोचले. तेथील लोकांनीही आगंतुकाला जुन्या जागीच बसविले : आजाऱ्याचे हलके अन्न ही जागा त्यांच्याकडेही होती, तिच्यात पेजेने प्रवेश केला.

७. उपसंहार

या विवेचनावरून अभ्यासकांसाठी काही सूत्रे निघतात. देशी नाव हा वस्तूच्या प्राचीनत्वाचा पुरावा नव्हे. तिच्या स्वीकाराचा पुरावा होय. परभाषी नाव हे मार्गाचे निदर्शक असते, परंतु ‘पेरू’ आणि ‘साबुदाणा’ यांप्रमाणे ते चकवूही शकते. जुन्या ग्रंथातील नाव वाचताना त्या काळी ते कोणत्या वस्तूला लागत होते हे प्रथम ठरविले पाहिजे. शेत, बाजार, स्वयंपाकघर आणि देवघर यांतील नावे वेगवेगळी असू शकतात, म्हणून ती वेगवेगळी नोंदविली पाहिजेत. यांपैकी शेवटचे काम विशेष निकडीचे आहे. बियाण्यांच्या पिशव्यांवरील छापील नावे गावोगावची जुनी नावे वेगाने पुसून टाकीत आहेत, आणि कोणत्या घरी काय चालते व काय चालत नाही हे सांगणारी पिढीही मागे सरत आहे. प्रत्येक तालुक्यातील कंद, मिरच्या आणि शेंगा यांची नावे, त्यांच्या उपवासातील स्थानासह, टिपून घेतली तर चार शतकांच्या या देवाणघेवाणीचा नकाशा ग्रंथांतील त्रुटित उल्लेखांपेक्षा पुष्कळ अधिक स्पष्ट होईल.

परंपरा म्हणजे बदलाचा नकार, अशी एक समजूत तिच्या पूजकांत व टीकाकारांत सारखीच आढळते. एकादशीचे ताट तिला पुष्टी देत नाही. नियम तेच ठेवून त्या ताटातील जवळजवळ प्रत्येक वस्तू बदलली गेली, आणि बदल करणाऱ्यांना आपण काही मोडले असे वाटले नाही. हा बदल कोण्या राजाज्ञेने वा धर्मसभेच्या निर्णयाने झाल्याचे दिसत नाही. तो घराघरांतील स्त्रियांनी, कंद हातात घेऊन, हे कशासारखे आहे असा प्रश्न विचारीत घडविला. त्यांनी दिलेली उत्तरे भाषेत शाबूत आहेत. ती वाचण्याचे काम इतिहास आणि भाषाशास्त्र या दोन्ही शाखांच्या अभ्यासकांनी मिळून करावयाचे आहे.